शाळेच्या पाटीवरच 'विद्यालय' चुकतं, आणि आपण टाळ्या वाजवतो

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या गावातल्या पाट्यांचा आणि शाळेतल्या रिकाम्या खुर्चीचा आहे. येत्या सर्वसाधारण सभेत नव्या पाट्यांचा विषय येणार आहे, म्हणून आत्ताच लिहितोय. नंतर लिहून उपयोग नाही.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या दिवशी, नगरपरिषदेच्या शाळेच्या नव्या कमानीचं उद्घाटन झालं. तुमच्यातले बरेच जण तिथे होते. बँड होता, लेझीम होतं, मुलींनी नऊवारी नेसली होती. कमानीवरचा पडदा बाजूला झाला आणि पिवळ्याधमक अक्षरांत शाळेचं नाव दिसलं. त्यात 'विद्यालय' हा शब्द 'विध्यालय' असा छापला होता. खाली 'हार्दीक स्वागत'. म्हणजे दोन ओळींत दोन चुका, त्याही शाळेच्या दारावर, त्याही मराठीच्या दिवशी.

मी शेजारी उभ्या असलेल्या एका जबाबदार माणसाला दाखवलं. ते म्हणाले, "अहो, फ्लेक्सवाल्याची चूक आहे. बघू नंतर." आज इतके दिवस झाले, ते 'नंतर' अजून आलेलं नाही. मुलं रोज त्या कमानीखालून शाळेत जातात. आत बाई 'विद्यालय' शिकवतात आणि बाहेर 'विध्यालय' लिहिलेलं असतं. पोरांनी कुणाचं खरं मानायचं?

आता त्याच कार्यक्रमातला दुसरा प्रसंग.

शहरातून एक तरुण सुलेखनकार बोलावला होता. कॅलिग्राफीचं प्रात्यक्षिक. पोरगा गुणी होता, त्याच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. मोठा कॅनव्हास, त्यावर आधीच वाळू आणि डिंकाचा थर देऊन खरबरीत केलेला, जुन्या पोथीसारखे दिसणारे कागदाचे तुकडे चिकटवलेले. रुंद ब्रशने त्याने वीसेक मिनिटांत 'अभिजात मराठी' लिहिलं, वर सोनेरी वर्ख लावला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कॅनव्हास पाहुण्यांना भेट म्हणून देण्यात आला आणि त्यांच्या गाडीतून निघून गेला.

चहा घेताना त्या मुलाशी बोललो. तो म्हणाला, "सर, मी झेडपीच्या शाळेत शिकलो. आमच्या चित्रकलेच्या सरांनी इलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवलं. त्या पेपरसाठी पहिल्यांदा पट्टीने रेषा मारून अक्षरं काढली, तिथून हे सुरू झालं. तुमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक कोण आहेत? त्यांना भेटायचंय."

मी गप्प. मुख्याध्यापक गप्प. कारण आपले सर निवृत्त झाले त्याला काही वर्षं झाली आणि ती जागा भरलेलीच नाही. चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे. त्या तासाला मुलं मैदानात असतात, नाहीतर गणिताचा राहिलेला धडा पूर्ण होतो. ग्रेड परीक्षेला मुलं बसतात ती बाहेर क्लास लावणाऱ्यांची. म्हणजे ज्यांच्या आईबापांना क्लास परवडतो त्यांची.

माझं म्हणणं एवढंच आहे. अक्षर ही शिकवायची गोष्ट आहे. त्यासाठी वर्षभर शाळेत येणारा, पगार घेणारा माणूस लागतो. वर्षातून एकदा पाहुणा बोलावून, वीस मिनिटं टाळ्या वाजवून ते काम होत नाही. आपण त्या माणसाची जागा रिकामी ठेवली आणि समारंभ मोठा केला. कमानीवरची चूक ही त्या रिकाम्या जागेची पावती आहे.

कुणी म्हणेल, पत्रकाराला अक्षरांतलं काय कळतं? थोडं कळतं. सातवी-आठवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्टँडमागच्या पेंटरकाकांच्या दुकानात बसायचो. हे काका आजही आहेत, पण त्यांना विचारल्याशिवाय नाव घालत नाही. जुन्या लोकांनी ओळखलं असेलच. माझं काम होतं आखलेल्या अक्षरांच्या आत रंग भरायचा. आखणी काका स्वतः करायचे. दोरा निळीत बुडवून दोन टोकांना ताणायचा, मधोमध चिमटीत उचलून सोडायचा, की पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटायची. तीच शिरोरेषा. मग खडूने अक्षरांच्या जागा. मग ब्रश. हात हलू नये म्हणून मनगटाखाली काठी.

एकदा मी विचारलं, "काका, फूटपट्टीने सगळ्या अक्षरांना सारखीच जागा का नाही देत?" ते म्हणाले, "अरे, 'र' बारीक, 'क्ष' लठ्ठ. सारखी जागा दिलीस तर 'र' एकटा पडेल आणि 'क्ष'ची चेंगराचेंगरी होईल. डोळ्याने मोज." हे मला पुढे पत्रकारितेच्या पदविकेत कुणी शिकवलं नाही.

आणि काकांची सवय काय होती? शंका आली की ब्रश खाली ठेवायचे आणि शाळेत जाऊन मराठीच्या गुरुजींना विचारायचे. 'आशीर्वाद' की 'आर्शिवाद'? रफार कुठल्या अक्षरावर? कारण पत्र्यावर एकदा ऑइल पेंट चढला की ती चूक वर्षानुवर्षं गावासमोर राहणार आणि खाली पेंटरचं नाव असणार. चुकीला मालक होता. आज फ्लेक्सवर चूक झाली तर मालक कोण? टाईप करणारा म्हणतो व्हॉट्सॲपवर जसं आलं तसं टाकलं. ऑर्डर देणारा म्हणतो त्याने बघायला हवं होतं. बिल मात्र वेळेत निघतं.

गावात एक चक्कर मारून बघा. वेलांटी अक्षराच्या पुढे असायची ती मागे जाऊन बसलेली. जोडाक्षर फुटून अर्धं अक्षर पाय मोडून उभं. 'वाऱ्यावर' मधला 'ऱ्य' कुणाला जमत नाही, म्हणून 'वार्यावर'. शिरोरेषा मधेच तुटलेली. हे अज्ञान नेहमी माणसाचंच असतं असं नाही. डिझाईनच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडाक्षर नीट जोडायचं सेटिंग नसतं, किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात टाकताना अक्षरं विस्कटतात. पण ते विस्कटलंय हे दिसायला डोळा हवा ना? तो डोळा घडवण्याचं काम चित्रकलेच्या तासाचं होतं.

आता दुसरी बाजू. "म्हणजे तुम्हाला कॉम्प्युटर नको? परत बैलगाडीत बसायचं?" कमेंटमध्ये हे येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो.

विंडोजमध्ये मराठी टाईप करताना वर्षानुवर्षं जो 'मंगल' फॉन्ट आपल्यासमोर आला, तो कुणी रेखला? प्रा. र. कृ. जोशी यांनी. आयआयटी मुंबईत शिकवणारा, हातात बोरू आणि ब्रश घेऊन आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी देवनागरी कॉम्प्युटरवर नेली, कारण अक्षर त्यांच्या हातात आधी होतं. त्याच्याही मागे जा. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या देखण्या अक्षरांचे साचे राणोजी रावजी आरू यांनी कोरले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगेंची अक्षरं आठवा. नाव वाचतानाच नाटकाचा स्वभाव कळायचा. २०२० मध्ये ते गेले. आणि अच्युत पालव, ज्यांनी मोडी लिपीच्या अभ्यासातून आपली वाट काढली, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. मीसुद्धा.

यातला एकही माणूस यंत्राच्या विरोधात नव्हता. आज चांगले मराठी फॉन्ट फुकट मिळतात. मुंबईच्या 'एक टाईप'च्या तरुणांनी केलेले 'मुक्त', 'बालू' कुणीही उतरवून घेऊ शकतो. तेव्हा भांडण यंत्राशी नाही. यंत्रापुढे न शिकलेला माणूस बसवायचा, त्याला कमीत कमी पैसे द्यायचे आणि चूक झाली की यंत्राकडे बोट दाखवायचं, या पद्धतीशी भांडण आहे.

दुसरा आक्षेप येईल तो पैशाचा. "फ्लेक्स स्वस्त पडतो." आज पडतो. आपल्याकडच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो, वाऱ्याने कोपरे फाटतात, मग नवा लावा. फाटलेला कुठे जातो? गोठ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर, शेवटी ओढ्यात. तो पीव्हीसी आहे, कुजत नाही. वेशीजवळच्या जुन्या वाचनालयाची पत्र्याची पाटी काकांनी रंगवली तेव्हा मी शाळेत होतो. आज माझी मुलगी शाळेत आहे. पाटी वाचता येते. आता सांगा, स्वस्त काय?

तिसरा आक्षेप कायद्याचा. "मराठी पाट्या तर आता सक्तीच्याच आहेत की." बरोबर. २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली, मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत असंही ठरलं. मुंबईतल्या व्यापाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. चांगलंच झालं. पण कायदा अक्षराचा आकार मोजतो. अक्षर बरोबर आहे का, वाचता येतं का, मराठी वळणाचं आहे का, हे मोजायला कायद्याकडे पट्टी नाही.

मराठी वळण म्हणजे काय, तेही सांगतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला वर्णमालेबद्दल निर्णय काढला, २०२२ मध्ये तो पुन्हा नव्याने काढला. त्यात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठीची रूपं वापरा असं सांगितलं आहे. आता सरकारी फलकांवर बघा, किती ठिकाणी पाकळीचा 'ल' दिसतो? शासनाचाच निर्णय शासनाच्याच पाटीवर दिसत नाही, आणि सांगणारं कुणी नाही, कारण फरक ओळखणारा माणूस आपण शाळेतून हलवलाय.

शिक्षण हक्क कायदा तरी वाचा. सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय. आपल्या शाळेत शंभरापेक्षा जास्त मुलं आहेत. मग निदेशक कुठे आहेत? गावात एटीडी केलेली पोरं आहेत. एक मोबाईलच्या दुकानात बसतो, एक लग्नाच्या स्टेजची सजावट करतो. एक मुलगी घरी रांगोळीचे क्लास घेते. हे सगळे मला माहीत आहेत, तुम्हालाही आहेत.

बरं, हे शिकवायला खर्च किती? मी सरांकडे गेलो होतो. निवृत्त आहेत, पण विषय काढला की अजून खुर्चीच्या कडेला येऊन बसतात. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं नाही, माझ्या शब्दांत देतो.

पहिले काही महिने रंग नाही, कॅनव्हास नाही. फक्त बोरू, शाई आणि चौकटीचा कागद. बोरूही विकत नको, ओढ्याकाठी मिळतो. फक्त तो कापायचा कसा ते शिकावं लागतं, कारण देवनागरीसाठीचा तिरका काप इंग्रजीच्या निबच्या उलट दिशेला असतो. दुकानात मिळणारी बरीच कॅलिग्राफी पेनं इंग्रजीसाठी कापलेली. त्यांनी मराठी लिहिलं की जिथे जाड रेघ हवी तिथे बारीक येते आणि मुलाला वाटतं आपलाच हात वाईट.

मग अक्षरं मुळाक्षरांच्या क्रमाने नाही, वळणांच्या क्रमाने. 'व' आला की 'ब' आणि 'क' येतात. 'ट' आला की 'ठ', 'ढ', 'द' येतात. 'ग', 'म', 'भ', 'न' एका घरातले. मग वेलांटी, मात्रा, रफार. मग जोडाक्षरं. 'द्य' कसा बनतो हे ज्याने एकदा हाताने काढलंय, तो जन्मात 'विध्यालय' लिहिणार नाही. त्याला शुद्धलेखनाचा नियम पाठ करावा लागत नाही, त्याच्या हाताला तो माहीत असतो.

आणि सगळ्यात शेवटी बाकीची गंमत. सुतळी चिकटवून अक्षर, लाकडाच्या भुशाने भरलेलं अक्षर, वर्तमानपत्राच्या कात्रणांचं, काव आणि चुन्याचं, वाळूचं. यालाच शहरात मिक्स मीडिया म्हणतात आणि दोन तासांच्या वर्कशॉपची भरपूर फी घेतात. सामान रद्दीत आणि सुताराकडे फुकट मिळतं. पण क्रम उलटा केला तर घोळ होतो. आधी सोनेरी वर्ख, मग अक्षर, असं केलं की चकाकतं खूप आणि वाचता काहीच येत नाही. दोन तासांच्या वर्कशॉपमध्ये नेमकं तेच होतं, कारण सर्टिफिकेटसोबत घरी न्यायला काहीतरी चमकदार द्यावं लागतं. हौस म्हणून खुशाल जा, पण त्याला अक्षराचं शिक्षण म्हणू नका.

आता स्वतःबद्दल. दुसऱ्याकडे बोट दाखवताना हे लिहिलं नाही तर ही पोस्ट खोटी ठरेल.

आमच्या साप्ताहिकाचा वर्धापनदिन झाला तेव्हा कार्यालयावरचा काकांनी रंगवलेला बोर्ड मीच उतरवला आणि फ्लेक्स लावला. दोन दिवसांत मिळाला, फोटोसकट मिळाला, वर आमचे हसरे चेहरे. काकांना कळवलंही नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या जाहिराती आम्ही छापल्या, पैसे घेतले. काकांचं काम असंच एकेक करून गेलं. आधी दुकानांच्या पाट्या गेल्या, मग निवडणुकीच्या भिंती, मग ट्रकच्या पाठी. शेवटी गाड्यांच्या नंबरप्लेट उरल्या होत्या, त्याही आता एचएसआरपी आल्यावर गेल्या. परवा भेटलो तेव्हा ते देवळाच्या दानपेटीवर 'गुप्तदान' लिहीत होते. हात अजून हलत नाही. मला म्हणाले, "पत्रकार, एखादा पोरगा दे रे. शिकवतो. पैसे नकोत."

माझ्याकडे द्यायला पोरगा नव्हता. म्हणून ही पोस्ट.

नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सगळ्या नगरसेवकांना जाहीर विनंती. विनंती म्हणतोय, पण सभेला मी वही-पेन घेऊन बसणार आहे हे लक्षात असू द्या.

१. शाळेच्या कमानीवरचं नाव आधी दुरुस्त करा. ज्याची चूक त्याच्या खर्चाने.

२. नव्या पाट्यांचा विषय एकगठ्ठा फ्लेक्सच्या ठेक्यात घालू नका. शाळा, दवाखाना, वाचनालय, चौक आणि गल्ल्या यांची नावं पत्र्यावर किंवा भिंतीवर स्थानिक पेंटरकडून रंगवून घ्या. अट घाला की प्रत्येकाने सोबत एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी घ्यायची आणि तिलाही मजुरी मिळेल.

३. कुठलीही पाटी रंगायला किंवा छापायला जाण्याआधी मराठीच्या शिक्षकाची त्या मजकुरावर सही हवी. बिलाला ती सही जोडल्याशिवाय पैसे नाहीत.

४. चित्रकलेच्या शिक्षकाच्या रिकाम्या जागेसाठी शिक्षण विभागाकडे ठराव करून पाठवा. जागा भरेपर्यंत अंशकालीन निदेशक नेमा आणि मानधन वेळेवर द्या. आठवड्यातला एक तास फक्त अक्षरलेखनाचा ठेवा.

५. शाळेतून ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांची फी आणि साहित्य नगरपरिषदेने द्यावं. त्या परीक्षेत कर्तव्यभूमितीसोबत अक्षरलेखन आहे, आणि दहावीला वाढीव गुणही मिळतात. पालकांना गुणांचीच भाषा कळत असेल तर त्या भाषेत सांगा, पण मुलं बसवा.

यातल्या एकाही गोष्टीला मुंबईहून कुणी पाहुणा लागत नाही.

आणि आपल्यासाठी. दुकानदार मित्रांनो, पाटी बदलायची असेल तर एकदा काकांना विचारा. वाढदिवसवाल्यांनो, तुमच्या फ्लेक्सवर निदान 'हार्दिक' नीट लिहून घ्या. पालकांनो, पुढच्या सभेत 'चित्रकलेचा तास कोण घेतं?' एवढा एकच प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा.

माझ्यापुरतं सांगतो. आमच्या कार्यालयावरचा फ्लेक्स मी काल उतरवला. पत्रा आणलाय, काकांना सांगितलंय. रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या ओट्यावर ते बोर्ड रंगवायला बसतील. सरही येतो म्हणालेत, बोरू कापून दाखवणार आहेत. ज्यांची मुलं-मुली सातवीच्या पुढे आहेत त्यांनी घेऊन या. वही आणा, जुना सदरा घाला, रंग लागतो.

सभेची तारीख कळली की इथेच टाकतो. आणि हो, गावात कुठे चुकीची पाटी दिसली तर फोटो कमेंटमध्ये टाका. दुकानदाराची नको, तो आपलाच माणूस आहे, त्याला जाऊन सांगू. सरकारी पाट्यांचे टाका. मी प्रिंट काढून सभेत नेणार आहे.